सिझरची तारीख मिळालीय? मग तयारी अशी करा

माझ्या नणंदेला परवा डॉक्टरनी तारीख दिली. बाळ पायाळू आहे, पहिलटकरीण आहे, त्यामुळे सिझरच ठरलं. संध्याकाळी फोन केला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "वहिनी, बॅगेत काय काय भरू?" सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, माझाही हाच होता. पण माझी दोन सिझर झालीत, पहिलं अचानक मध्यरात्री आणि दुसरं तारीख घेऊन, आणि दोन्हीनंतर मला मनापासून वाटतं की बॅग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. ऑपरेशन तासाभरात होतं. खरी तयारी लागते ती दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठायची आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांची. तारीख हातात असण्याचा फायदा हाच की ती तयारी आधी करता येते. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे क्रमाने लिहितेय.

आधी कारण नीट विचारा

सिझर कशासाठी करतायत हे डॉक्टरांकडून स्पष्ट समजून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडाजवळ खाली आहे, बाळ आडवं किंवा पायाळू आहे, आधीचं सिझर आहे, जुळी आहेत, बीपी आहे, कारण कोणतं त्यावर पुढच्या गोष्टी ठरतात. वार खाली असेल तर रक्त जास्त जाऊ शकतं म्हणजे रक्ताची सोय आधी लागते. पायाळू बाळ शेवटच्या दिवसांत कधी कधी फिरतं, म्हणून ऑपरेशनच्या आधी परत एकदा सोनोग्राफी करणार का ते विचारा. आणि आधी एक सिझर झालंय म्हणून दुसरं सिझरच असं दरवेळी नसतं, काही जणींना नॉर्मलचा प्रयत्न करता येतो, तो आधीचा छेद कसा होता, मध्ये किती अंतर गेलं, हॉस्पिटलात तातडीची सोय आहे का यावर अवलंबून. माझ्या बाबतीत अंतर कमी होतं म्हणून मी सिझर घेतलं, पण विचारलं होतं, आणि विचारल्यामुळे मनाला शांतता मिळाली.

तारखेबद्दल. दुसरं काही वैद्यकीय कारण नसेल तर साधारण ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरची तारीख देतात, कारण त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, फुफ्फुसातलं पाणी पटकन सुकत नाही आणि मग बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आणि आई वॉर्डात. आपल्याकडे घरची मंडळी भटजींना विचारतात, कोणी देवळात जाऊन कौल घेतात, देवाला प्रसाद लावतात. श्रद्धा आहे, त्यात वाईट काही नाही, आमच्याकडेही सासूबाई देवाला विचारून आल्या. फक्त डॉक्टरांनी दिलेल्या दोन-तीन दिवसांतूनच निवडा. मुहूर्तासाठी आठवडाभर अलीकडे ओढू नका, आणि पहाटे ४ चा मुहूर्त मागू नका, दिवसा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सगळा स्टाफ हजर असतो, ब्लड बँकेत माणसं असतात, बाळाचे डॉक्टर जागेवर असतात.

महिनाभर आधी: हॉस्पिटल, पैसे, रक्त

गोव्यात सरकारीत जायचं तर बांबोळीचं गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल म्हणजे आपलं आझिलो, आणि मडगावचं जिल्हा हॉस्पिटल, ज्याला अजून सगळे हॉस्पिसियोच म्हणतात. केस गुंतागुंतीची असेल तर शेवटी बांबोळीलाच पाठवतात, त्यामुळे वार खाली, जुळी, बीपी जास्त, असं काही असेल तर आधीपासूनच तिथे नाव असलेलं बरं. सरकारी हॉस्पिटलात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझर मोफत आहे, औषधं, तपासण्या, रक्त, आणि सिझरवालीला ७ दिवसांपर्यंतचं जेवणसुद्धा त्यात येतं. ही २०११ पासूनची योजना आहे आणि अजूनही कितीतरी घरांत माहीत नाही.

प्रायव्हेटमध्ये जाणार असाल तर "पॅकेज किती" एवढंच विचारून उठू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी त्यात आहे का, बाळाच्या डॉक्टरांची आहे का, बाळाला एनआयसीयू लागला तर तो तिथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल, किती दिवसांचं राहणं धरलंय, हे विचारा. पहिल्या वेळी आम्ही विचारलं नव्हतं आणि डिस्चार्जच्या दिवशी बिलात तीन वेगळ्या फिया निघाल्या, नवरा एटीएम शोधत फिरत होता आणि मी टाके घेऊन बाकड्यावर बसलेले. दुसऱ्या वेळी कागदावर लिहून घेतलं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते चालू आहे का, नूतनीकरण झालंय का ते आत्ताच बघा, आणि तुमच्या हॉस्पिटलात तुमच्या ऑपरेशनला ते चालतं का हे काउंटरवर जाऊन विचारा, फोनवर नको. मेडिक्लेम असेल तर प्रसूतीसाठी वेटिंग पिरियड संपलाय का हे बघायचं.

हिमोग्लोबिन. हे मी जोर देऊन सांगते. गरोदरपणात ११ च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया धरतात, आणि सिझरमध्ये रक्त जातंच. महिनाभर हातात असेल तर गोळ्यांनी किंवा गरज पडली तर शिरेतून लोह देऊन वाढवता येतं, शेवटच्या आठवड्यात फारसं काही करता येत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू-आवळ्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यावर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं, ते हॉस्पिटल देणार की आपण आणायचं हे आधी ठरवा. आणि आपल्या रक्तगटाच्या दोन माणसांचे नंबर काढून ठेवा. तारीख गणेश चवथीच्या आठवड्यात असेल तर जास्तच, कारण तेव्हा सगळा गोवा आपापल्या गावच्या घरी असतो, फोन केला तर माणूस काणकोणला आणि तुम्ही बांबोळीला.

भूलतज्ज्ञांना एकदा आधी भेटायचंय असं सांगा. बहुतेक ठिकाणी आठवडाभर आधी तपासतात. दमा, थायरॉइड, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, कंबरेचं जुनं दुखणं, आधीच्या ऑपरेशनला काही झालं होतं का, सगळं सांगा. रक्त पातळ ठेवायची गोळी, इकोस्प्रिनसुद्धा, चालू असेल तर ती कधी बंद करायची ते त्यांच्याकडूनच घ्या, स्वतःच्या मनाने बंद नको आणि चालूही नको.

आणखी एक, ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. मुलं पुरे झाली असतील आणि त्याच वेळी नसबंदी करायची असेल, किंवा कॉपर टी बसवायची असेल, तर ते नवरा-बायकोनी आधी घरी बोलून ठरवा. टेबलवर झोपल्यावर विचारलं तर त्या अवस्थेत दिलेलं उत्तर खरं नसतं.

घराची तयारी, हीच मोठी

सिझरनंतर सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं. हे वाक्य वाचायला सोपं आहे. याचा अर्थ पाण्याची कळशी नाही, कुकर नाही, ओल्या कपड्यांची बादली नाही, आणि मोठं मूल असेल तर त्याला कडेवर घेणं नाही. माझा मोठा तेव्हा अडीच वर्षांचा होता. त्याला आम्ही महिनाभर आधीपासून शिकवलं की आई बसली की शेजारी चढून बसायचं, उचलायला सांगायचं नाही. तरी दोनदा रडला, पण शिकला.

कोण कधी येणार ते नावासकट ठरवा. "आम्ही आहोत की" असं सगळे म्हणतात. रात्री २ ला बाळाचं लंगोट बदलायला कोण उठणार हे विचारा. नवऱ्याची रजा ऑपरेशनच्या दिवसापासून सगळी संपवू नका, हॉस्पिटलात सिस्टर असतात, घरी आल्यावर पहिला आठवडा जास्त लागतो. झोपायची खोली माडीवर असेल तर तात्पुरती खाली आणा. पलंगाची उंची बघा: बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे पोटाकडे दुमडता कामा नयेत, खूप बुटका पलंग किंवा खाली घातलेली गादी असेल तर प्रत्येक उठण्याला टाके ओढले जातात. संडास कमोडचा नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती आणून ठेवा.

पावसाळ्यातली तारीख असेल तर कपडे वाळत नाहीत, लंगोटांची संख्या दुप्पट धरा. रस्त्याचाही विचार करा. दिवाडी-चोडणला राहणाऱ्यांनी फेरीचा वेळ, सत्तरी-धारबांदोडा-काणकोणच्या लोकांनी घाटातला आणि रात्रीचा प्रवास, आणि ३ डिसेंबरच्या आसपास जुन्या गोव्याच्या फेस्ताची, शिगम्या-कार्निव्हालच्या मिरवणुकांची गर्दी. जमत असेल तर शेवटचे दोन दिवस हॉस्पिटलजवळच्या नातेवाइकांकडे राहा.

कारण तारीख दिली म्हणजे बाळ थांबेलच असं नाही. आधीच पाणी गेलं, कळा सुरू झाल्या, लाल रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर तारखेची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. गाडी नसेल तर १०८. आणि निघताना काही खायचं नाही, "दोन घास खाऊन जा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, भरल्या पोटी भूल देणं धोक्याचं असतं.

बॅग

थोडक्यात सांगते. फाइल सगळ्यात वर: सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी, दोघांचं आधार, योजनेचं कार्ड, मातृ कार्ड. पुढून उघडणारे सैल गाऊन. पोटापर्यंत वर येणाऱ्या मोठ्या कॉटनच्या चड्ड्या, इलास्टिक टाक्यांवर यायला नको, हे फार महत्त्वाचं. मोठे पॅड, कारण सिझर झालं तरी खालून रक्तस्राव होतोच, बऱ्याच जणींना हे माहीत नसतं आणि त्या घाबरतात. न घसरणारी चप्पल. खोकताना पोटाला धरायला एक छोटी उशी. मोबाइलच्या चार्जरला लांब वायर, कारण प्लग कायम पलंगापासून लांब असतो. बाळाला धुतलेले जुने मऊ सुती कपडे, टोपी, दुपटी. बस.

आदली रात्र आणि ती सकाळ

पोटाखालचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक जखमा होऊन इन्फेक्शन होऊ शकतं, लागले तर हॉस्पिटलात ट्रिमरने काढतात. नेलपॉलिश काढा, बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावतात. मेंदी नको. अंगठ्या, जोडवी, मंगळसूत्र घरीच ठेवा. आणि बांगड्या! डोहाळजेवणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या माझ्या हातातून निघेनात, शेवटच्या महिन्यात हात सुजलेले. सकाळी साडेसहाला सिस्टर माझा हात बेसिनवर धरून साबण लावून एकेक काढत होती, दोन फुटल्या, सासूबाईंना ते बघवेना, त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आठवडाभर आधी काढून देवाकडे ठेवल्या असत्या तर दोघींनाही तो त्रास झाला नसता.

खाण्याचा सर्वसाधारण नियम म्हणजे जड जेवणानंतर ८ तास, हलक्या खाण्यानंतर ६ तास, आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत. पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जी वेळ सांगितली तीच पाळा. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, तो खाण्यातच धरायचा. थायरॉइड, बीपी, शुगरच्या सकाळच्या गोळ्यांचं काय करायचं ते आदल्या दिवशी विचारून लिहून घ्या.

ओटीत काय होतं

सलाइन लावतात, अँटिबायोटिक देतात, लघवीची नळी घालतात. नळीची मला जास्त भीती होती, भूल दिल्यानंतर घातली तर कळतही नाही, आधी घातली तर क्षणभर जळजळतं, एवढंच. मग कमरेत इंजेक्शन. बसवून, उशी पोटाशी धरायला देऊन, पाठ बाहेर काढून वाकायला सांगतात. एवढं पोट घेऊन वाकायचं कसं हा प्रश्न पडतो, पण समोर सिस्टर खांदे धरून उभी असते, तिच्या खांद्यावर डोकं टाका, खांदे सैल सोडा आणि हलू नका. सुई टोचलेली कळते, मग पाय गरम वाटायला लागतात, जड होतात आणि थोड्या वेळात उचलायचं म्हटलं तरी उचलत नाहीत.

मग समोर पडदा. दुखत नाही, पण काहीच कळत नाही असंही नाही. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळतं, बाळ काढताना छातीखाली कोणीतरी जोरात दाबतं. दात वाजण्याइतकी थंडी भरते, मळमळतं, बीपी उतरतं, हे सगळं नेहमीचं आहे, पण गप्प बसू नका. डोक्याशी भूलतज्ज्ञ असतात, त्यांना "मळमळतंय" म्हणा, ते लगेच औषध देतात. पहिला छेद घेतल्यापासून बाळ बाहेर यायला साधारण पाच-दहा मिनिटंच लागतात, बाकीचा वेळ टाके घालण्यात जातो. माझी मुलगी रडली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. तिला पुसून माझ्या गालाला लावली, ओली, गरम, आणि माझ्या गालाला लागताच रडायची थांबली. बाळ ठीक असेल तर छातीशी द्याल का, असं आधी विचारून ठेवा, बरेच डॉक्टर देतात, पण आठवण करून द्यावी लागते.

पहिले दोन दिवस

जमेल तितक्या लवकर बाळाला पाजायला घ्या, शक्यतो पहिल्या तासाभरात. चिकाचं दूध थेंबभरच असतं, पिवळट, बाळाचं पोटही तेवढंच असतं. "दूध नाहीय" म्हणून मध, साखरपाणी, गाईचं दूध कोणी घालू देऊ नका, सासू-आई दोघींना हे आधी प्रेमाने सांगून ठेवा. कुशीवर झोपून पाजा किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे जातील असं धरा, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. बाळाला बीसीजी, पोलिओचा डोस आणि २४ तासांत हिपॅटायटिस बीची लस मिळाली का, फाइलवर नोंद झाली का, ते नवऱ्याने बघायचं.

दुखण्याचं औषध मागून घ्या. दुखायला लागल्यावर नाही, वेळेवर. मी पहिल्या वेळी सहन करत पडून राहिले आणि त्यामुळे उठायलाच दोन दिवस लागले.

उठायची पद्धत शिकून घ्या, आत्ताच घरी सराव करा. सरळ उठून बसायचं नाही. गुडघे वाकवा, अख्खं अंग एकत्र कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि कोपराने-हाताने ढकलत वर या. बसल्यावर दोन मिनिटं थांबा, चक्कर येते. मग कोणाचा तरी हात धरून उभं राहा आणि समोर बघा, खाली वाकून नाही. पहिली चार पावलं वाईट असतात. पाचवं त्याहून बरं असतं. लवकर चालल्याने गॅस सुटतो आणि पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो, म्हणून सिस्टर मागे लागतात, त्यांच्यावर रागावू नका.

घरी आल्यावर

सटीची रात्र सहाव्या दिवशी येते, तेव्हा कदाचित कालच डिस्चार्ज झालेला असेल. पूजा होऊ दे, पण जागरण घरच्यांनी करावं, बाळंतिणीने झोपावं. न्हाऊ घालणारी बाय येत असेल तर तिला पहिल्याच दिवशी सांगा, पोट चोळायचं नाही, पाय-पाठ-खांदे चालेल. अंघोळीनंतर टाके स्वच्छ कपड्याने टिपून कोरडे करा, हळद-तेल काही लावू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी नको, आईलाही नाही आणि बाळाला तर अजिबात नाही.

खाण्यात उकड्या तांदळाची पेज, मेथ्यांची पेज, डिंकाचे लाडू, सगळं उत्तम. पण चाळीस दिवस मासे, अंडी, डाळ, भाजी बंद करून नुसती पेज-तूप देतात ते बरोबर नाही, जखम भरायला प्रथिनं लागतात. कमी तिखट हुमण (माशांची आमटी) खाल्लं म्हणून टाके पिकत नाहीत. पाणी भरपूर, भाजी भरपूर, कारण बद्धकोष्ठ झालं तर जोर करताना जीव जातो.

ताप १००.४ च्या वर, टाक्यांतून पू किंवा वास, तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, डोकं प्रचंड दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यांतलं काहीही झालं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. बसलं की डोकं दुखतं आणि झोपलं की थांबतं, असं होत असेल तर तो कमरेच्या इंजेक्शनचा परिणाम असू शकतो, त्यावर उपाय आहे, सांगायचं. आणि दोन आठवड्यांनंतरही सारखं रडू येत असेल, बाळ नकोसं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांनाच सांगायचं.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत होते ना ते बघा. पहिल्या बाळाला प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे ५००० रुपये अटीत बसलात तर मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६०००, अंगणवाडीत विचारा. सहा आठवड्यांनी तपासायला जाल तेव्हा पुढच्या बाळाचं अंतर आणि गर्भनिरोधन याचं बोलून घ्या.

नणंदेची तारीख अजून अठरा दिवसांवर आहे. येत्या रविवारी आम्ही डिचोलीहून तिच्याकडे जाणार, तिच्या खोलीतला पलंग फार बुटका आहे, त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावायचेत, आणि ती मला कुशीवर वळून उठून दाखवणार आहे.